झाडाच्या सालीवर पंख पसरून बसलेला हा छोटा करडा पतंग कोणता? त्याचं जीवनचक्र कसं असतं?

तुमच्या वर्णनावरून हा बहुधा जिओमेट्रिडी कुळातला पतंग आहे. या कुळातले बरेच पतंग पंख सपाट पसरून सालीला अगदी चिकटून बसतात, आणि पुढच्या पंखावरच्या नागमोडी रेषा मागच्या पंखावरही तशाच पुढे जातात, त्यामुळे शरीराची कडाच हरवते. नॉक्टुइडी कुळातले पतंग सहसा पंख छपरासारखे मिटून बसतात.

अंडी, अळी, कोष, पतंग हा क्रम नेहमीचाच. गंमत अळीत आहे. तिच्या पोटाखालचे मांसल पाय बहुधा दोनच जोड्या, त्याही शेपटीकडे. म्हणून ती मधलं अंग कमानीसारखं उचलत, जणू वीत घालत चालते. कुळाच्या नावाचा ग्रीक अर्थही ‘जमीन मोजणारा’ असाच आहे. धोका जाणवला की अनेक जातींच्या अळ्या काडीसारख्या ताठ उभ्या राहतात. कोष बहुतेकदा मातीत किंवा पालापाचोळ्यात होतो.

मात्र नेमकी जात फोटोवरून ठरवू नका. या कुळात सुमारे २३,००० जाती आहेत, आणि काही तर जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत.