सत्य शोधायचं असेल तर भावना आणि आपली ओळख बाजूला ठेवावीच लागते का?

भावना बाजूला ठेवून सत्य शोधणारा माणूस मी तरी अजून पाह्यला नाही. ज्याला काही वाटतच नाही तो कशाला शोधत बसेल?

माझंच सांगते. माहेर शिरपूरकडचं, घरात अहिराणी, म्हणजे खान्देशातली बोली. पुण्यात हॉस्टेलला 'मना', 'तुना' (माझा, तुझा) तोंडातून निघालं की पोरी हसायच्या. मग माझं एकच हत्यार, बहिणाबाई चौधरी. "आमच्या अहिराणीच्या आहेत त्या, गप बसा." दोन वर्षं हेच चाललं. एका रात्री भरिताचा बेत होता, गॅसवर वांगी भाजलेली आणि यावलची रूममेट साल काढता काढता सहज म्हणाली, "अगं त्या आमच्या लेवा गणबोलीतल्या, अहिराणी कुठे?" लेवा गणबोली म्हणजे तिकडच्या लेवा पाटील समाजाची बोली. मी भरीत न खाता उठले आणि आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

पण त्याच रागात तिला खोटं पाडायचं म्हणून लायब्ररीतून कविता आणल्या, वही घेऊन बसले. तर तिथे 'माझी माय'. आमच्यात 'मनी माय'. 'माले' (मला) दिसलं तेव्हा खूश झाले, पण ते तर दोन्हीकडे चालतं. 'मन' भरपूर, माझी या अर्थाचं 'मनी' काही सापडेना. त्यात माहेर असोदा, सासर जळगाव, म्हणजे पट्टाही लेवा बोलीचाच. रडले अक्षरशः.

तरी कविता आजही पाठ आहेत. आणि अहिराणी काय उसन्या दागिन्यावर उभी आहे का? २०११ च्या जनगणनेत १६ लाखांवर लोकांनी तिला मातृभाषा सांगितलंय.

हे आमच्या घरातल्या थोरल्या जिभाऊंना कोण सांगणार! दर ३ डिसेंबरला, पुण्यतिथीला, फॅमिली ग्रुपवर 'थोर अहिराणी कवयित्री' फॉरवर्ड करतात, मी दुरुस्त केलं की "तू शिकीसन येडी व्हई गई का?" जिभाऊ, आपल्या भाषेवर माझा जीव तुमच्यापेक्षा कमी नाही, म्हणूनच सांगते, तेवढी ओळ काढा.

हां, बोलींमध्ये काही शेताचा बांध नसतो, जळगाव जिल्ह्यातच अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी बोलतात, शब्द इकडचे तिकडे होतातच. आणि विषय देवाचा किंवा घरातल्या कुणाचा असेल तर मला असं सत्य शोधणं जमेलच असंही नाही.

रूममेटशी अजून फोन असतो. तिचं बरोबर होतं हे मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.