जेट काढून पंखा बसवण्याआधी

मित्रा, वॉटर स्कूटरचा जेट पंप (पाणी ओढून मागे जोरात फेकणारा) काढून तिच्या शाफ्टला, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या दांड्याला, थेट बोटीसारखा पंखा लावायला जाऊ नकोस. ते इंजिन मिनिटाला ७००० च्या आसपास फेरे घेतं आणि जेटचा इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, त्याच वेगाने फिरतो. उघडा पंखा तेवढ्या वेगात पाणी नुसतं घुसळतो, पात्यांवर बुडबुडे धरतात आणि रेटा मिळत नाही. म्हणजे फेरे कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स आलाच. पाण्याचा झोत वळवणारं नोझल गेलं की वळायला सुकाणूही लागणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन थंड ठेवणारं पाणी जेट पंपाच्याच दाबाने येतं. पंप काढला की ते बंद! वेगळी सोय केल्याशिवाय स्टार्टरला हातसुद्धा लावू नकोस.

आणि आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणात उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाजवळ खाली लोंबणारा पंखा दगडाला लागणार. मागे कुणी पाण्यात पडलं, तर उघडी पाती. मला ही भीती सगळ्यात मोठी वाटते.

स्कूटरची ओढ कमी झाली असेल तर आधी वेअर रिंग, म्हणजे इम्पेलरभोवतीचं झिजणारं कडं, बघ. पात्याचं टोक आणि रिंग यांच्यामध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकव. फट मिलिमीटरच्या अगदी छोट्या भागाएवढीच हवी. रिंगवर चरे दिसले तर नवी टाक. पाती वाकली असतील तर सातपूर-अंबडकडे चांगला कारागीर शोध.