गोल्फ क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या) शाफ्टवरील, म्हणजे दांडीवरील, नक्षीमुळे फटक्यात काही फरक पडतो का?

चेंडूच्या बाबतीत पडत नाही. खेळणाऱ्याच्या नजरेच्या बाबतीत पडतो. एवढ्यावर थांबता आले असते, परंतु याच प्रश्नावरून माझ्या एका जुन्या सोबत्याशी माझा कित्येक वर्षे वाद झाला आहे आणि त्या वादापायी मी एक उत्तम शाफ्ट गमावला आहे.

माझ्या ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबच्या, ग्राफाइट (कार्बनच्या तंतूंच्या) शाफ्टवर ग्रिपखालून, म्हणजे मुठीखालून, निघून हॉझेलपर्यंत (क्लबच्या डोक्यात शाफ्ट जेथे बसतो त्या खोबणीपर्यंत) वळसे घेत जाणारा एक पांढरा पट्टा होता. चेंडूसमोर उभे राहून खाली पाहिले की शाफ्टच पिळल्यासारखा दिसे, आणि क्लबफेस (चेंडूला लागणारी बाजू) सरळ असूनही मी मनगट वळवून तो ‘सरळ’ करत असे. सोबती असलेल्या या गृहस्थांचे म्हणणे असे की तो पट्टाच शाफ्टला पीळ देतो, कारण खोक्यावर पेटंटचा क्रमांक छापलेला आहे आणि निरुपयोगी वस्तूला पेटंट कोण देईल? त्यांच्या सततच्या टोमण्यांना कंटाळून एका संध्याकाळी मी पॉलिश पेपर घेऊन तो पट्टा घासून काढला. तीन आठवड्यांनी हॉझेलच्या वीतभर वर शाफ्ट मोडला. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: मुळात शाफ्ट कच्चा होता, म्हणूनच तो सजवला होता.

तो क्रमांक डिझाइन पेटंटचा होता. अमेरिकन कायद्यात अशा पेटंटमध्ये एकच दावा असतो, ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे शोभेची रचना’, आणि तुटक रेषांनी काढलेला भाग त्या दाव्यात येत नाही. आकार केवळ उपयोगासाठी तसा असेल, तर हे संरक्षण मिळतच नाही. म्हणजे १५ वर्षांचा तो हक्क पट्ट्याच्या दिसण्यावर होता. पट्टा काही काम करतो याचा तो दाखला नव्हता.

गंमत अशी की हेच गृहस्थ आपल्या आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) पोलादी शाफ्टवरील कडी ‘जुनी नक्षी’ म्हणून दाखवत असत. ती कडी म्हणजे नळीचा व्यास टप्प्याटप्प्याने कमी होण्याच्या पायऱ्या आहेत. शाफ्ट कोठे किती वाकेल हे त्यांच्या जागांवरही अवलंबून असते. दिखाऊपणाच शोधायचा तर तो त्यांच्या लाडक्या पोलादाच्या इतिहासात भरपूर सापडेल. अमेरिकेत १९२४ मध्ये आणि आर अँड ए या ब्रिटनमधील गोल्फच्या नियामक संस्थेच्या नियमांत १९२९ मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता मिळाली, तेव्हा हिकरीच्या लाकडाला सरावलेल्या खेळाडूंसाठी पुष्कळ पोलादी शाफ्टांवर लाकडासारखे दिसणारे आवरण चढवले जात असे.

आपल्याला नक्षी खटकत असेल, तर ती खरवडू नका. जाणकाराकडून शाफ्ट काढून घ्या आणि अर्धा फेरा फिरवून चित्र खाली जाईल असा पुन्हा बसवून घ्या. नियमांनुसार शाफ्ट कसाही फिरवला तरी सारखाच वाकला पाहिजे, त्यामुळे फिरवल्याने खेळात जाणवण्याजोगा बदल होऊ नये. माझा नवा शाफ्ट मी असाच बसवला आहे आणि मनगटाची ती खोड गेली आहे. अर्थात पट्टा वळसे घेणारा असेल, तर तो फिरवूनही वरून दिसणारच. तेथे शाफ्ट बदलणे किंवा सवय करून घेणे एवढेच उरते. शाफ्टच्या टोकाला काढता-घालता येणारी स्लीव्ह (जोडनळी) असल्यास लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा कल, बदलताना अनेक क्लबांत शाफ्टही तिच्यासोबत फिरतो आणि चित्र भलतीकडे येते, म्हणून अशा क्लबसाठी सर्व बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी किंवा एकरंगी शाफ्टच निवडावा.

रंग खरोखर काढावा लागतो तो केवळ हॉझेलच्या आत जाणाऱ्या टोकावरून, इपॉक्सी (शाफ्ट चिकटवायचा डिंक) नीट धरावे म्हणून. तेथेही रंग संपून काळे तंतू दिसू लागताच थांबायचे असते. त्या संध्याकाळी मी थांबलो नव्हतो, एवढे मात्र त्या गृहस्थांच्या बाजूने मान्य करतो.