एकनळी फॉक्स आणि बावीस टक्क्यांचं कार्ड

ओहायोत डेटनजवळ राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. क्लबातले एक ज्येष्ठ सभासद त्यांची ए. एच. फॉक्स कंपनीची जुनी एकनळी ट्रॅप बंदूक (हवेत उडवलेल्या तबकड्या टिपायच्या खेळाची) २,४०० डॉलरला द्यायला तयार आहेत. १९२० च्या दशकातली, जे ग्रेडची, ३२ इंची नळी. वाचकांच्या हातात बोनसचे ४,००० डॉलर आहेत. क्रेडिट कार्डावर ३,१०० डॉलर थकलेत, व्याज २२ टक्के, आणि ते दरमहा २५० फेडतात. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलाय. ते लिहितात, 'दोन वर्षं मित्राच्या बंदुकीवर शिकलो, आता स्वतःची हवी. ही दुर्मिळ आहे, म्हणजे दहा वर्षांनी नाशिकला परतताना विकली तर पैसे वाढूनच मिळतील ना?'

नमस्कार. शौकाला माझी ना नाही. अडीअडचणीचे पैसे बाजूला ठेवून मग शौकाचा विचार करणारी माणसं मला फार कमी भेटतात. माझी हरकत पत्रातल्या 'म्हणजे' या एका शब्दाला आहे.

बंदूक दुर्मिळ आहे हे खरं. फिलाडेल्फियाच्या या कंपनीनं एकनळी ट्रॅप बंदुका १९१९ मध्ये काढल्या. १९२९ च्या अखेरीस सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीनं ती घेतली आणि कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला हलवला. सगळ्या मिळून अशा बंदुका साडेपाचशेच्या आसपासच झाल्या. पण विकताना किती बंदुका उरल्यात यापेक्षा किती जण ती मागतायत हे महत्त्वाचं. फॉक्सच्या चाहत्यांना ओढ असते ती बहुतेक दुनळीची. थिओडोर रूझवेल्ट यांची फॉक्स २०१० मध्ये लिलावात ८,६२,५०० डॉलरला गेली, हे विक्रेते हमखास सांगतात. ती दुनळी होती आणि रूझवेल्टांसोबत आफ्रिकेला जाऊन आली होती. तो भाव त्या माणसाचा होता, तुमच्या एकनळीशी त्याचा संबंध नाही.

माझ्या मते खरा पेच वेगळाच आहे. एकाच बंदुकीला तुम्ही नेम धरायचं साधनही करू पाहताय आणि ठेवही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका अशिलाबरोबर मी जुन्या बंदुकांच्या विक्रीला गेलो होतो. एका गृहस्थांनी अशीच एकनळी उचलली, नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली आणि खूश झाले. मग दस्त्यामागच्या, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडामागच्या, रबरी पॅडचे दोन स्क्रू सोडवले. आत लाकडावर करवतीची ताजी, पांढुरकी खूण होती. आधीच्या मालकानं स्वतःच्या मापासाठी दस्ता पाऊण इंच कापला होता. गृहस्थांनी पॅड जागेवर बसवलं, आभार मानले आणि बंदूक खाली ठेवली. पुढे भावाची गोष्टच निघाली नाही.

तुमचंही तेच होण्याची भीती आहे. त्या काळचे दस्ते सहसा आजच्यापेक्षा जास्त खाली झुकलेले असतात. गाल टेकल्यावर डोळा रिबच्या, म्हणजे नळीवरच्या पट्टीच्या, सरळ रेषेत आला नाही तर तबकड्या सुटत राहणार. मग दस्ता कापणं, वरची कड उचलून घेणं, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) वाढवून घेणं आलं. नेम सुधारेल, पण संग्राहकाच्या लेखी ती बंदूक संपली. मूळ स्थितीत जपायची तर ती तुमच्या मापाची होत नाही. अंगावर बेतलेल्या शेरवानीला पुढे दुसरं गिऱ्हाईक मिळत नाही, तसंच हे.

आता हिशेब. आजच बंदूक घेतलीत तर बोनसमधले १,६०० कार्डाला जातील आणि १,५०० थकीत राहतील. दरमहा २५० भरत राहिलात तर सात महिन्यांत ते संपतील, व्याज शंभराच्या आसपास जाईल. एवढंच असतं तर मी घ्या म्हटलं असतं. पण बंदूक एकटी घरी येत नाही. आज तुम्ही महिन्यातून दोन शनिवारी जाता, स्वतःची आली की दर शनिवारी जाणार असं तुम्हीच लिहिलंय. २५ काडतुसांचा डबा ११ डॉलर, २५ तबकड्यांच्या एका राउंडची फी ६, दिवसाला चार राउंड, म्हणजे एका शनिवारचे ६८ डॉलर. दोन शनिवार वाढले की महिन्याला १३६ जास्त, आणि ते त्या २५० मधूनच जाणार. कार्डाला उरतात ११४. मग तेच कर्ज सव्वा वर्ष रेंगाळतं आणि व्याज सव्वादोनशेच्या पुढे जातं. दर शनिवारचा वर्षाचा खर्च बंदुकीच्या किमतीहून जास्त भरतो, तरी पत्रात त्याची एकच ओळ होती.

म्हणून आधी ३,१०० भरून कार्ड साफ करा. ९०० उरतील. कार्डाचे २५० आता दरमहा वेगळ्या खात्यात टाका, शनिवार सध्या दोनच ठेवा. सहा महिन्यांत २,४०० जमतात.

तोवर त्या सभासदांना विनंती करा की दोन शनिवार त्यांच्यासमोर ती चालवू द्या. पॅटर्न बोर्डवर, म्हणजे छर्रे कुठे पसरतात ते दाखवणाऱ्या फलकावर, दहा बार काढा. दस्त्यावर बांधायचा चामड्याचा पट्टा लावून, म्हणजे लाकडाला हात न लावता, नेम बसत असेल तर ती तुमच्यासाठी आहे. कापावंच लागणार असेल तर सोडून द्या आणि जुनी ब्राउनिंग बीटी-९९ बघा. तीही एकनळी ट्रॅप बंदूकच आहे, हजार-दीड हजारात मिळते, सुटे भाग मिळतात आणि तिचा दस्ता कापताना जीव कळवळत नाही.

पैसे देण्याआधी जुन्या बंदुकांच्या कारागिराकडून तपासणी हवीच. नळीवरचा, चौकटीवरचा आणि पुढच्या लाकडावरचा क्रमांक एकच आहे का? स्क्रूच्या खाचा पिंजलेल्या असतील तर कुणीतरी अडाणी हातानं ती उघडलेली असते. चेंबरचं माप घ्यायला सांगा, त्या काळचे बरेच चेंबर आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा थोडे आखूड असतात. लाकूड नळी काढून तपासू द्या, चीर बहुधा धातूला टेकतं तिथेच पडते.

राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ चं अथेन्समधलं रौप्यपदक पाहून हा नाद लागला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक सांगतो. ते पदक डबल ट्रॅपचं, तिथे एका वेळी दोन तबकड्या उडतात. अमेरिकेतल्या अमॅच्युअर ट्रॅपशूटिंग असोसिएशनच्या सिंगल्समध्ये तबकडीमागे एकच बार, तिथे एकनळीनं काहीच अडत नाही. ऑलिंपिक ट्रॅपच्या पात्रता फेरीत मात्र एका तबकडीवर दोन बार मिळतात. पुढे तिकडे वळायचं मनात असेल तर एकनळीत २,४०० अडकवू नका.

ग्रीन कार्ड आहे हे बरं झालं. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं सहसा बंदी आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फत करा, म्हणजे कागद राहतो. घराच्या विम्यात चोरीला गेलेल्या बंदुकीची भरपाई किती मिळते तेही विचारा, बऱ्याच पॉलिसींत ती मर्यादा वेगळी आणि कमी असते.

नाशिकला जाताना ती सामानातून नेता येईल असं धरू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आयातीचे निर्बंध त्याहून कडक. म्हणजे निघण्याआधी ती अमेरिकेतच विकावी लागेल, आणि घाईतल्या विक्रेत्याला चांगला भाव मिळत नाही. तोट्यात गेली तर वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून अमेरिकेच्या आयकरात तो तोटा वजाही होत नाही. म्हणून त्या २,४०० कडे गुंतवणूक म्हणून बघू नका, दहा वर्षांच्या शनिवारांचा खर्च समजा. परत काही मिळालं तर त्या वेळी आनंद.

सभासद सहा महिने थांबतील का, हे विचारायला संकोच करू नका. शंभर डॉलर विसार द्या, पण तपासणीत खोट निघाली तर तो परत, हे लिहून घ्या. आणि त्या दोन शनिवारांचे पॅटर्न बोर्डचे फोटो मला पाठवा.