गस्तीची गाडी आमच्या गल्लीत का येत नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागात महिन्याभरात दोनदा मंगळसूत्र ओढून नेलं. दुचाक्यांमधलं पेट्रोल तर सारखंच चोरीला जातं. तोंडी सांगून थकलो, पण रात्रीची गस्त मुख्य रस्त्यावरूनच निघून जाते.
– सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : गस्त कुठे घालायची हे बरंचसं दाखल गुन्ह्यांवरून ठरतं. तोंडी सांगितलेलं कुठेच चढत नाही, त्यामुळे ठाण्याच्या लेखी तुमची गल्ली शांत आहे. मंगळसूत्र हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस त्याचा थेट तपास करू शकतात. त्याचा एफआयआरच व्हायला हवा. ‘गहाळ’ म्हणून अर्ज लिहून देऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार सगळी हकीकत लिहून टपालाने वरिष्ठांकडे पाठवा, शहरात उपायुक्तांकडे, जिल्ह्यात अधीक्षकांकडे.

पेट्रोलचं प्रकरण वेगळं. पाच हजारांच्या आतली चोरी आता सहसा अदखलपात्र धरतात. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तरीही नोंदवा, कारण दहा एनसी एकाच गल्लीतल्या असल्या की ते नजरेत भरतं.

मग वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, दोन प्रतींत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. ‘गस्त वाढवावी’ एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत जातो. वार, वेळ (समजा संध्याकाळी ७ ते ८.३०), कोणत्या वळणापासून कुठपर्यंत, दिव्याच्या खांबाचा क्रमांक, एफआयआर आणि एनसीचे क्रमांक असं नेमकं लिहा. बीट अंमलदाराचा, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाचा, नंबर मागून घ्या. गस्त येऊन गेल्याची नोंद व्हावी म्हणून पोलीस स्कॅन करतात तो क्यूआर कोड लावत असतील तर तो गेटवर नको, अंधाऱ्या टोकाला मागा. गेटवर लावला की स्कॅन करून गाडी तिथूनच वळते. बंद दिव्यांचा अर्ज महापालिकेकडे; पोलीस दिवे लावत नाहीत.

प्रश्न : चार सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, पण चोरी झाली तेव्हा गाडीचा नंबर दिसला नाही आणि पोलीस आले तोवर फुटेज पुसलं गेलं होतं.
– वाचक, ठाणे

उत्तर : दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम साडेअकरा दिवस पुरते, मग जुन्यावर नवं चढतं. महिनाभर ठेवायचं तर ४ टीबी घ्या. नंबर न दिसण्याचं कारण बहुधा उंची. दुसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यात हेल्मेटच दिसतं. एक कॅमेरा गेटपाशी आठ-नऊ फुटांवर, गाडी हळू होते तिथे रोखा. रात्री हेडलाइटने पाटी पांढरी पडते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि वेगळा दिवा लावा. डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहा. वीस मिनिटांचा फरक असला की बचाव पक्षाचं निम्मं काम होतं. फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक क्रमांक) भरायची असते. व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप चालेल असं धरू नका.

प्रश्न : गावात चोरांच्या भीतीने तरुण रात्री काठ्या घेऊन फिरतात. हे कायद्यात बसतं का?
– वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : जागता पहारा बसतो, झडती आणि मारहाण नाही. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर सामान्य माणूसही पकडू शकतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०), पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. अनोळखी माणूस दिसणं हा गुन्हा नव्हे. तुमच्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. तेव्हा ग्रामसुरक्षा दल पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात नोंदवा, पाळीची यादी तिथे द्या, हातात बॅटरी आणि शिट्टी ठेवा. संशय आला की आधी ११२, मग पोलीस पाटील. गावच्या ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, हे पाळीवरच्या प्रत्येकाला आधीच बजावा.