दांड्या पूर्ण, तरी संध्याकाळी नेट रांगतंय

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. साताऱ्यात शाहूपुरीत घर, गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून टॉवरचा सिग्नल पकडणारा ५जीचा डबा, तिथून केबलने खाली राउटर. सुरुवातीचे चार महिने सव्वाशे एमबीपीएस मिळायचं, आता संध्याकाळी सातनंतर चार-पाचवर येतं आणि मुलीचा क्लास अडकतो. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, आणि कुणीतरी सिग्नल वाढवणारा सहा हजारांचा बूस्टर सुचवलाय.

बूस्टर अजिबात घेऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि तो सिग्नलसोबत गोंगाटही तितकाच मोठा करतो. त्यापायी शेजाऱ्यांच्या फोनचं नेटवर्कही बिघडतं ते वेगळंच.

पैसे काढण्याआधी एक वही काढा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकीच्यांना पाच मिनिटं नेट सोडायला सांगा आणि स्पीड मोजा. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊला, असं तीन दिवस. केबलवर चांगलं आणि मोबाइलवर वाईट असेल तर दोष घरातल्या वायफायचा, टॉवरचा नाही. जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फार जात नाही. राउटर मधल्या खोलीत आणून बघा. दिवसभर सारखंच हळू असेल तर महिन्याचा डेटा कोटा संपलाय का ते आधी पाहा.

तुमचं मात्र संध्याकाळीच पडतं, म्हणून स्पीडसोबत आणखी दोन आकडे लिहून ठेवा. राउटरच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन शब्द सापडतील. पहिला म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा येतोय: उणे ८० उत्तम, उणे १००ला काम चालतं, उणे ११०च्या खाली रडगाणं. दुसरा म्हणजे तो आवाज आजूबाजूच्या गोंगाटातून किती स्वच्छ ऐकू येतो: २०च्या पुढे छान, ५च्या खाली वाईट. दांड्या बहुतेक पहिल्यावरच ठरतात. स्पीड मात्र जास्त करून दुसऱ्यावर चालतो. जत्रेत माणूस कानाशी ओरडला तरी शब्द कळत नाहीत, तसं होतं.

हे मी स्वतः भोगलंय. माझं घर गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. जितकं उंच तितकं चांगलं असं समजून डबा जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर लावला होता. आरएसआरपी उणे ८२, बघून बरं वाटायचं. एसआयएनआर ३, आणि स्पीड बारा. कारण तिथून अर्ध्या साताऱ्याचे टॉवर दिसत होते, आणि एकाच कंपनीचे सगळे टॉवर त्याच लहरींवर बोलतात. आपला सोडून बाकी सगळे आपल्यासाठी गोंगाट. मग डबा खाली आणून त्याच खोलीच्या भिंतीच्या आडोशाला लावला, पोवई नाक्याची, म्हणजे माझ्या टॉवरची बाजू तेवढी मोकळी ठेवली. आरएसआरपी उणे ९१वर घसरला, पण एसआयएनआर १७ झाला आणि स्पीड एकशे तीसच्या वर गेला. खर्च शून्य. म्हणून सांगतो, डबा टाकीजवळून हलवाच. पाण्याने भरलेली टाकी या लहरी गिळते. आपल्याकडच्या ५जीचा मुख्य पट्टा ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे एक लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची. वीतभर सरकवलं तरी आकडे बदलतात. दर वेळी दोन मिनिटं थांबा, आकडा स्थिरावू द्या, मगच लिहा.

पावसाचंही बरेच जण विचारतात. नुसत्या सरींनी या लहरींना फारसं काही होत नाही. भिजलेलं आंब्याचं झाड मध्ये असेल तर होतं, आणि केबलच्या जोडात पाणी शिरलं तर नक्कीच होतं. जोड टेपने बंद करा आणि केबल डब्यात शिरते तिथे खाली एक वळसा सोडा, पाणी तिथूनच गळून जाईल.

आता वहीत नेमकं काय बघायचं? रात्री नऊला स्पीडसोबत एसआयएनआरही पडत असेल, तर शेजारच्या टॉवरांवरची वर्दळ तुमच्यापर्यंत पोचतेय. जागा आणि दिशा बदलून फरक पडेल. एसआयएनआर पहाटेसारखाच १५-१६ राहिला आणि तरी स्पीड चारवर आला, तर तुमच्याच टॉवरवर गिऱ्हाइकं जास्त झालीत. तिथे तुमच्या हातात काही नाही आणि महागडा प्लॅन घेऊनही सहसा उपयोग होत नाही. कंपनीकडे तक्रार करा, तीन दिवसांचे आकडे वेळेसकट द्या, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, जपून ठेवा. "नेट स्लो आहे" एवढंच म्हटलं तर राउटर बंद-चालू करायला सांगतात आणि तक्रार मिटवतात. तशीच मिटवली तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

तोवर मुलीच्या क्लासच्या वेळी टीव्ही आणि बाकीचे मोबाइल नेटवरून काढा, व्हिडिओची क्वालिटी खाली आणा. चार एमबीपीएसमध्ये एक क्लास नीट चालतो.

डबा हलवायला केबल कमी पडली तर सांगा, माझ्याकडे वीस मीटर शिल्लक आहे. रविवारी सकाळी मी येऊ शकेन, फक्त गच्चीवर वही घेऊन कुणीतरी थांबा.