दगड बघायला लोक येतील का?

या वेळच्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: आमच्याकडे अमुक दगड आहे, त्यावर पर्यटन उभं राहील का? काहींवर राहील, काहींवर नाही. पाच पत्रं निवडली आहेत.

आमच्या नदीत निघोजसारखे रांजणखळगे (पाण्याने कातळात कोरलेले रांजणाच्या आकाराचे खड्डे) आहेत. रस्ता, शेड आणि फलकासाठी ग्रामपंचायतीने निधी मागावा का? (ग्रामपंचायत सदस्य, जुन्नर तालुका)

निधी नंतर मागा. आधी वर्षातून तीनदा नदीवर जा: ऐन पावसात, दिवाळीच्या सुमारास आणि एप्रिलमध्ये. खळगे वर्षातले किती दिवस उघडे असतात ते कळेल. तुमच्या भागात धरणाचं आवर्तन सुटलं की पात्र भरतं. तुम्हाला ते पाठ असतं, पुण्याहून आलेल्याला नसतं. त्यात शेवाळलेला कातळ आणि तळ न दिसणारा खळगा. उतरायची जागा आणि लांबून बघायची जागा वेगळी ठेवता येत नसेल, तर जागेचं मूल्यमापन करताना बाकीच्या बाबींना गुण देत बसू नका, तिथेच थांबा.

ती अडचण नसेल तर पुढचं. भोवऱ्यात सापडलेले गोटे जागच्या जागी फिरत राहतात आणि काळा पाषाण कोरतात. कातळात जिथे भेग असते किंवा दगड सच्छिद्र असतो तिथून सुरुवात होते. तळाशी अजून गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात का बघा. ती नदीची छिन्नी आहे, आणि लोक पहिल्यांदा तीच खिशात घालून नेतात. लहान खळगा, मोठा खळगा, दोन खळग्यांमधली भिंत फुटून झालेली घळ अशा साऱ्या पायऱ्या शंभर पावलांत दिसत असतील, तर शाळेच्या सहलीला अर्धा दिवस पुरेल एवढा माल तुमच्याकडे आहे.

राहिला निघोजचा प्रश्न. तिथे लोक कुंड (म्हणजे हेच खळगे) बघतात हे खरं, पण काठावर मळगंगेचं देऊळ आहे. म्हणजे पाय तिथे आधीपासून वळलेले होते. तुमच्या काठावर असं काय आहे? दुसरं निघोज बघायला कोणी वाट वाकडी करत नाही. नदीच्या दरडीत लाव्हाचे दोन थर आणि मधला लाल मातीचा पट्टा दिसतो का शोधा. तो पट्टा म्हणजे एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत गेलेला काळ. तो असेल तर तुमची जागा निघोजची नक्कल राहत नाही.

विहिरी आणि दगडखाणीत पांढरे-हिरवट स्फटिक निघतात. पर्यटकांना विकायचा स्टॉल टाकावा का? (तरुण शेतकरी, जळगाव जिल्हा)

टाकू नका. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि तिथे हे झिओलाइट आणि त्यांची भावंडं वाढली. तुमच्या जिल्ह्यातले आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहांत आहेत. पण माल संपला की तुमचं पर्यटन संपलं, आणि ते स्फटिक कुठल्या पोकळीत, कशाशेजारी वाढलं होतं ही माहिती तर ते उपटलं त्याच दिवशी गेली. त्यापेक्षा बंद पडलेल्या खाणीची एक सुरक्षित भिंत राखा. सुट्या नमुन्यांसाठी गावात एक खोली पुरते. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या. एवढा थाट तुम्हाला नको, पण नुसत्या दगडांसाठी लोक तिकीट काढतात हे पटेल.

आमच्या सड्यावर (सपाट कातळी माळावर) कातळशिल्पं आहेत. ती पुरातत्त्वात मोडतात की भूशास्त्रात? (शिक्षिका, राजापूर तालुका)

दोन्हीत, आणि म्हणूनच तुमची बाजू भक्कम आहे. जांभा (कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड) नसता तर ही शिल्पं अशी उरली नसती. पोरांना आधी चिरा (जांभ्याचा कापलेला ठोकळा) दाखवा: खाणीतून काढताना मऊ, वारं लागलं की कडक. त्यानंतर शिल्पाकडे न्या. पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवं फुलतात. दगड, माणूस आणि फूल एकाच फेरीत दाखवणाऱ्या जागा फार नाहीत.

कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीने राखण होत नाही. उक्षीच्या ग्रामस्थांनी पुढाकार घेतला म्हणून तिथलं शिल्प नीट राहिलं. तुमच्याकडे दोन धोके आहेत: शिल्पात चपला घालून फोटो काढणारे, आणि शेजारची चिरेखाण. दुसरा मोठा. सडा बहुधा खासगी मालकीचा असतो. जमीनमालकाला वाटा ठरवून दिल्याशिवाय फलकसुद्धा लावू नका.

आमच्या धबधब्याला जिओपार्कचा दर्जा कसा मिळेल? (भोर)

एका धबधब्याला मिळत नाही. युनेस्को जिओपार्क म्हणजे आखलेला मोठा प्रदेश, आंतरराष्ट्रीय मोलाचा भूवारसा, चालवणारी कायम संस्था आणि दर चार वर्षांनी फेरतपासणी. पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्हाथर २०२५ मध्ये संभाव्य यादीत आले, ती जागतिक वारसास्थळांची यादी आहे, जिओपार्कची नव्हे. तूर्त धबधब्याखालचा प्लास्टिकचा कचरा उचला.

लोणारला गाड्या येतात, लोक काठावरून सरोवर बघतात, तासाभरात जातात. गावाला काय मिळतं? (लोणार)

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. दगडाच्या बाबतीत तुमच्याशी स्पर्धा करणारं महाराष्ट्रात कोणी नाही: बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) उल्कापाताने झालेलं जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. २०२० मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला. तरी मूल्यमापन केलं तर ‘वाचता येणं’, म्हणजे बघणाऱ्याला दगडाची गोष्ट कळणं, या एका रकान्यात तुम्ही मार खाता. काठावरून दिसतं ते फक्त तळं.

एरवी दख्खनचे लाव्हाथर आडवे पडलेले असतात. विवराच्या कडेला ते उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. हे बोट दाखवून सांगणारं माणूस लागतं. इथल्या दगडात फक्त धडकेच्या दाबाने होणारी काच सापडली, तेव्हा ज्वालामुखीच्या मुखाची जुनी कल्पना मागे पडली. हीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. मग लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचं देऊळ, आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी का झालं (खारात वाढणारे सूक्ष्मजीव, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं). नीट सांगितलं तर चार तास सहज जातात, आणि चार तास थांबलेल्या माणसाला भूक लागते.

अभयारण्य असल्यामुळे आत बांधकामाचा विचारच नको. वनविभागाशी बोलून गावातल्या सहा-सात जणांना वाटाड्ये म्हणून तयार करा, त्यात बायका हव्यातच. जेवण घरगुती ठेवा: भाकरी, ठेचा, पिठलं. पहिले तीन महिने एका वहीत दोनच गोष्टी लिहा: प्रत्येक गट किती वेळ थांबला, आणि गावात जेवला का. ती वही मला पाठवा, मग होमस्टेच्या खोल्या किती हव्यात ते बोलू.